हवालदारांच्या शेडमधली करवत

मित्रांनो, मी लोखंड कापणारी करवत आहे. बाजारात मला बँडसॉ म्हणतात. गाझियाबादच्या एका वसाहतीत एक बैठे घर आहे आणि त्या घराला लागून गाडीसाठी बांधलेली पत्र्याची शेड आहे. तिथे गाडी कधीच नव्हती. तिथे मी असते.

माझा स्वभाव शांत नाही, हे आधीच सांगते. सुताराची करवत खुंटीला टांगली की गुपचूप लटकत राहते. मला ते जमत नाही. माझे पाते म्हणजे दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली पोलादाची लांब पट्टी. ती दोन चाकांवरून गोल फिरत राहते. मी चालू असले की धावत असते आणि बंद असले की धावायची वाट पाहत असते.

माझा वरचा भाग बिजागरीवर उचलता येतो. खाली व्हाइसच्या जबड्यात पाइप घट्ट पकडायचा, बटण दाबायचे आणि मला अलगद सोडून द्यायचे. मी माझ्याच वजनाने खाली येते. कुणी ढकलायचे नसते, जोर लावायचा नसतो. तुकडा पडला की एका खटक्यावर टेकून मी आपली आपण थांबते. हे एवढे लक्षात ठेवा, कारण याच गुणामुळे मला या घरात आणले गेले.

माझा जन्म राजकोटच्या एका कारखान्यात झाला. रंग वाळतो न वाळतो तोच मला लाकडी खोक्यात बंद केले आणि ट्रकवर चढवले. वाटेत असे हिसके बसले, की पाते सरळ धरून ठेवणारी माझी छोटी बेअरिंगे जागची हलली. ते मला कळले, पण सांगणार कोणाला? गाझियाबादच्या मशिनरी बाजारात एका दुकानाच्या मागच्या अंगाला मी पडून राहिले. शेजारची ड्रिल मशिने येत होती, जात होती. प्रत्येक वेळी हातगाडीचे चाक वाजले की वाटे, आता माझी पाळी. चाक पुढे निघून जाई.

शेवटी एका थंडीत स्वप्नाली आली. तिशीतली मुलगी, नोएडाच्या एका ऑफिसात काम करणारी, गळ्यात अजून ऑफिसचे ओळखपत्र. तिने दुकानदाराला किंमत आधी विचारली नाही. तिने विचारले, "इसमें हाथ से कितना ज़ोर लगाना पड़ता है?"

"हाथ लगाना ही नहीं पड़ता, मैडम. बाँधो, बटन दबाओ, चाय पियो."

"चलाके दिखाइए."

दुकानदाराने एक सळई बांधली आणि मला सोडले. मित्रांनो, लोखंडाची ती माझी पहिली चव. दातांखालून गरम कीस झरत होता आणि मला वाटत होते, ही सळई संपूच नये. तुकडा खाली पडला तशी स्वप्नालीने तो उचलला आणि चटका बसून लगेच टाकला. मग स्वतःशीच हसली. "पप्पांना जमेल," ती मराठीत म्हणाली.

तिचे पप्पा म्हणजे मल्हारी हवालदार. मूळचे सातारा जिल्ह्यातले. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. झाशी, जबलपूर, शेवटी दिल्ली कॅन्ट असे करत निवृत्त झाले, मग साहिबाबादच्या एका कारखान्यात फोरमन झाले आणि इथेच घर बांधून राहिले. घर लहान, पण शेड मोठी. गल्लीतली निम्मी फाटके त्यांच्या हातची. त्यांची हातकरवत, म्हणजे हॅक्सॉ, भिंतीवर एका खिळ्याला असे. तिच्या मुठीचा रंग उडून तळव्याच्या आकाराचा तुकतुकीत पट्टा पडला होता.

पण त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन असे नाव सांगितले. आदल्या वर्षी लोखंडाची पट्टी कापताना हॅक्सॉ घसरली आणि डाव्या अंगठ्यात रुतली. टाके घालताना स्वप्नाली शेजारी उभी होती. घरी आल्यावर तिने लोखंड कापायचा ग्राइंडर उचलून माळ्यावर टाकला.  त्या दिवसापासून हॅक्सॉ खिळ्यावरून खाली आली नाही, आणि ते दिवसभर घरात इकडून तिकडे फेऱ्या मारू लागले. म्हणून मला आणले होते. जोर लावायला नको, हात जवळ न्यायला नको.

रविवारी मला शेडमध्ये उभे केले. हवालदार आले. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून पात्याकडे पाहिले, जबड्यावर नजर टाकली. मला वाटले, आता हात लावतील.

"कुणासाठी?" त्यांनी विचारले.

"तुमच्यासाठी, पप्पा. बिल्कुल सेफ आहे. तुम्हाला काही करावंच लागत नाही."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मी समोरून पाहिले. त्यांनी दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले.

"काही करावंच लागत नाही," ते म्हणाले. "अच्छा. मग माझं काय काम?"

आणि ते घरात निघून गेले. स्वप्नाली माझ्या वायरशी चाळा करत उभी राहिली. तिची आई, कृष्णाबाई, दारातून म्हणाल्या, "राहू दे गं. एकदम कसं घेतील ते?" मग दोघींनी मिळून माझ्यावर जुनी हिरवी ताडपत्री टाकली.

मित्रांनो, त्या ताडपत्रीखालचे महिने मला आठवू नयेसे वाटतात. थंडी गेली, धुळीची वादळे आली. पत्रा तापला की माझ्यातले तेल पातळ होऊन ठिबकायचे. व्हाइसवर तांबेऱ्याचे ठिपके उठले. दिसत काही नव्हते, म्हणून मी ऐकत असे. कुकरची शिट्टी, भाजीवाल्याची हाक, आणि हवालदारांची पावले. ती पावले बदलत चालली होती. आधी टाच वाजायची, मग चप्पल घासू लागली. कधी कधी ती मध्येच थांबायची. चालता चालता एखाद्या दाराशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत आणि काही केल्या उचलत नसत. मग कृष्णाबाईंचा आवाज येई, "थांबा, घाई नका करू, मी आले."

ते रोज सकाळी शेडमध्ये यायचे. स्टुलावर बसायचे. एखादी कानस उचलायचे आणि परत ठेवायचे. माझ्यापासून हातभर अंतरावर बसून त्यांनी एकदाही ताडपत्री वर केली नाही. मला इतका राग यायचा! मी कापायला बनले आहे आणि हे कापणारे आहेत, मग आम्ही दोघे इथे गप्प का बसलो आहोत?

पावसाळ्यात ते घरातल्या बोळात पडले. हाड मोडले नाही, पण कृष्णाबाईंना त्यांना एकटीने उठवता येईना. शेजारचे मिश्राजी येईपर्यंत ते फरशीवरच होते. संध्याकाळी स्वप्नाली नोएडाहून धावत आली. मायलेकींचे बोलणे शेडच्या दाराशीच झाले, पप्पांना ऐकू जाऊ नये म्हणून. मला सगळे ऐकू आले.

"आता बस झालं, आई. तुम्ही दोघं माझ्याकडे चला. लिफ्ट आहे, खाली गार्ड आहे."

"नवव्या मजल्यावर ते काय करतील दिवसभर?"

"इथे काय करतात? परत पडले तर? या वेळी मिश्राजी घरी होते. हर बार होंगे क्या?"

"फिजिओवाला म्हणत होता, बोळात, बाथरूममध्ये, शेडच्या पायऱ्यांना धरायला दांडे लावा. मग घरातही चालेल म्हणाला."

"मग मी माणूस पाठवला होता ना दांडे लावायला! पप्पांनी त्याला फाटकातूनच हाकललं. म्हणे घराचं हॉस्पिटल करायचं नाही." स्वप्नालीचा आवाज चिरकला. "मी ही शेड रिकामी करते आई. मिश्राजींना गाडी लावायला जागा हवीय. मशीन ऑनलाइन टाकते, कुणीतरी घेईल."

कृष्णाबाईंनी शेडचे दार ओढून घेतले. मग म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांब."

मला पुन्हा खोक्यात जायचे होते तर! पुन्हा तो अंधार, पुन्हा हातगाडीचे चाक. मी त्या दिवसांत किती तळमळले, ते लोखंडाच्या वस्तूने सांगितले तर कुणाला खरे वाटणार नाही.

एका दुपारी ताडपत्री निघाली. समोर हवालदार नव्हते. कृष्णाबाई होत्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, बांगड्या काढून ठेवलेल्या. हवालदार आत झोपले होते. शेडच्या कोपऱ्यात मंडपाचे उरलेले लोखंडी पाइप होते. त्यातला एक ओढत त्यांनी माझ्या जबड्यात आडवा घातला.

"बघू या," त्या मला म्हणाल्या. मला! या घरात माझ्याशी कुणी बोलण्याची ती पहिलीच वेळ.

कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरांमध्ये त्यांचे अर्धे आयुष्य गेले होते, पण नवऱ्याच्या हत्यारांना त्यांनी कधी हात लावला नव्हता. स्वप्नालीने दाखवलेले हिरवे बटण तेवढे त्यांना ठाऊक होते. त्यांनी ते दाबले आणि मी सुटले. सात-आठ महिन्यांची भूक होती. मी पाइपातून सपकन गेले. त्यांनी आणखी एक तुकडा कापला. दोन्ही तुकडे तोंडाला तोंड लावून पाहिले, तर मध्ये बोट शिरेल एवढी फट. माझी बेअरिंगे हललेलीच होती. पाते तिरके जात होते. त्यांना वाटले, आपलेच काही चुकले.

तिसऱ्या पाइपाला त्यांनी जबडा पुरता आवळला नाही. मी अर्ध्यात असताना पाइप गर्रकन फिरला, माझे दात अडकले आणि पाते ताडकन तुटले. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. कृष्णाबाई दचकून मागे सरकल्या, रंगाच्या डब्यांवर आदळल्या आणि तिथेच खाली बसल्या. त्यांना लागले नव्हते. पण श्वास असा अडकला, की तोंडातून शब्द फुटेना.

आतून हवालदारांची हाक आली. "कृष्णे! काय झालं?"

उत्तर नाही. मग पावले आली, घासत, भरभर, पूर्वी कधी ऐकली नव्हती तेवढी भरभर. ते शेडच्या दारात आले आणि उंबऱ्याशी त्यांचे पाय थांबले.

मित्रांनो, मी पाहत होते. त्यांना दिसत होते, की बायको डब्यांमध्ये पडली आहे आणि बोलत नाही. त्यांचे सगळे अंग पुढे झुकले होते. मान पुढे, खांदे पुढे, हात पुढे. फक्त पाय उंबऱ्याच्या अलीकडे रोवल्यासारखे. गुडघे लटलट हलत होते आणि पाऊल उचलत नव्हते. "कृष्णे," ते म्हणाले, अगदी हळू. "बोल ना." आणखी एक क्षण, आणि ते तोंडावर आपटले असते.

कृष्णाबाईंनी मान वर केली आणि त्यांना पाहिले. उठून तिथवर पोचायला वेळ नव्हता. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि अशा आवाजात ओरडल्या, की पत्रा घुमला.

"हवालदार मल्हारी! सावधान!"

हवालदारांची पाठ ताठ झाली.

"आगे से, तेज चल! बाएँ! दाएँ! बाएँ! दाएँ!"

आणि डावा पाय उचलला! तो उंबऱ्याच्या पलीकडे पडला. मग उजवा. दोन पायऱ्या उतरून, तालावर, एकेक पाऊल उचलत ते शेडमध्ये आले.

"थम!" त्या ओरडल्या.

ते थांबले ते माझ्यावर हात टेकून. त्यांचा उजवा हात माझ्या लोखंडावर होता. तो हात थरथरत होता, आणि ती थरथर माझ्या पायांपर्यंत उतरत होती. या घरात आल्यापासून त्यांनी मला पहिल्यांदाच हात लावला होता.

"लागलं का?"

"नाही. तुम्ही बसा आधी."

"कुठे शिकलीस हे?"

"शिकायचं काय त्यात? क्वार्टरच्या खिडकीसमोर परेड ग्राउंड होतं. पोळ्या लाटताना रोज तेच तर ऐकत होते."

हवालदारांनी त्यांच्याकडे पाहिले. मग म्हणाले, "थम चुकीच्या पायावर दिलास."

त्यावर कृष्णाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आले. डब्यांमध्ये बसूनच त्यांनी पदराने तोंड पुसले. हवालदारांनी स्टूल ओढून घेतले. खाली पडलेला पाइपाचा तुकडा उचलला. काटकोन तपासायचा गुण्या भिंतीवरून काढला आणि तुकड्याला लावला. हात हलत असल्यामुळे गुण्या पाइपावर टकटक वाजत होता, पण त्यांनी तो काढला नाही.

"वाकडं कापलंयस."

"मग सरळ कापून दाखवा."

"माणूस काय करणार? यंत्रच वाकडं आहे हे."

"मग यंत्र सरळ करा," कृष्णाबाई म्हणाल्या. "नाहीतर दसऱ्यानंतर नवव्या मजल्यावर बसून लिफ्टचा आवाज ऐकू."

हवालदारांना शेड रिकामी होणार हे ठाऊक नव्हते. ते त्या दुपारी त्यांना कळले. ते कुणावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "दहा नंबरचा पाना दे."

पुढचे दिवस माझ्यासाठी फार हालाचे आणि फार सुखाचे होते. नवे पाते आले. ते चाकांवर चढवायला एकट्याचे हात पुरत नव्हते. वरचे चाक कृष्णाबाईंनी धरायचे, खालचे हवालदारांनी. पाते सापासारखे वळवळायचे आणि ऐन वेळी निसटायचे.

"धर म्हटलं की धरायचं!"

"धरलंच आहे! तुम्हीच हलवताय!"

"हात हलतोय, मी नाही हलवत."

 या घरात कंपाबद्दल एवढे उघड बोलणे तोवर झाले नव्हते. मग कृष्णाबाई म्हणाल्या, "बरं. हलला की सांगा. मी तेव्हा घट्ट धरते." आणि तसेच त्यांनी केले. "आता," हवालदार म्हणायचे, आणि त्या पकड आवळायच्या.

एक गोष्ट मी पाहिली. हवालदारांचा हात मांडीवर रिकामा पडला असला की जास्त हलायचा. पाना एकदा नटावर बसला, की तोच हात पुष्कळसा निवायचा. नटावर बसेपर्यंतच काय ती झटापट. पाना बाजूला जायचा, माझ्या रंगावर ओरखडे काढायचा. ते ओरखडे अजून आहेत. मला ते आवडतात.

ते माझी बेअरिंगे केसभर सरकवायचे, एक पाइप कापायचे, गुण्या लावायचे. वाकडे. पुन्हा सरकवायचे. पुन्हा वाकडे, या वेळी उलट्या बाजूला. घामाघूम व्हायचे, चिडायचे, चहा गार व्हायचा. एकदा त्यांनी पाना भिंतीवर फेकला आणि घरात निघून गेले. मला वाटले, संपले. तासाभराने बोळात चप्पल घासली आणि मागून कृष्णाबाईंचा आवाज आला, "बाएँ, दाएँ." ते परत आले, वाकून पाना शोधला आणि पुन्हा सुरू झाले.

मग एक तुकडा असा पडला, की त्यांनी गुण्या लावला आणि तो दाराकडे उजेडात धरला. तिथूनच कृष्णाबाईंपुढे केला.

"बघ. फटीतून उजेड दिसतो का?"

त्यांनी डोळे बारीक केले. "नाही दिसत."

"चलो," हवालदार म्हणाले. बस, एवढेच. पण मी सरळ झाले होते. मित्रांनो, सरळ कापण्यात काय आनंद असतो ते तुम्हाला कसे सांगू!

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी स्वप्नाली न सांगता आली. मी चालू होते. माझ्या आवाजात तिने फाटकाची कडी वाजवल्याचे कुणी ऐकले नाही. तिने दारातून पाहिले ते असे, की पाते फिरते आहे, ठिणगी नाही पण कीस उडतो आहे, आणि समोर पप्पा उभे आहेत. ती किंचाळली, धावत आली आणि तिने भिंतीतला प्लग उपटला. मी पाइपाच्या मध्येच गचकन थांबले.

"आई! तू असून यांना चालवू देतेस? हात बघ त्यांचा!"

"तूच आणलीस ना ही?" हवालदार म्हणाले.

"तेव्हा वेगळं होतं! आता तुमचा हात जास्त हलतो, पप्पा. तुम्ही पावसाळ्यात घरातल्या घरात पडलात. मी ऑफिसात बसलेली असते आणि फोन वाजला की मीटिंग सोडून बाहेर पळते. दर वेळी! तो अंगठ्याचा दिवस मी विसरलेली नाही. रक्त मी पुसलंय गाडीतलं."

हवालदारांनी ऐकून घेतले. तिला बोलू दिले. मग म्हणाले, "झालं? आता प्लग लाव आणि तिथे उभी राहा. तुला काय दाखवतो ते बघ, आणि मग काय विकायचं ते वीक."

तिने आईकडे पाहिले. कृष्णाबाईंनी मान हलवली. प्लग लागला. कृष्णाबाईंनी अर्धवट कापलेला पाइप काढून नवा घातला आणि जबडा आवळला. हवालदारांनी तो स्वतः हलवून पाहिला, पक्का आहे ना. माझा वरचा भाग वर धरून कृष्णाबाई म्हणाल्या, "तयार." हवालदारांनी बटण दाबले. कृष्णाबाईंनी मला अलगद पाइपावर टेकवले आणि मागे झाल्या. हवालदारांनीही दोन पावले मागे घेतली, पाय फाकवले आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले. फौजेत याला विश्राम म्हणतात. मी कापत होते तोवर ते तसेच उभे होते. छाती पुढे, नजर पात्यावर, हात पाठीमागे. हात तिथेही हलत असतील, पण माझ्यापासून लांब होते. तुकडा पडला, मी थांबले, मगच ते पुढे आले.

"असं प्रत्येक वेळी?" स्वप्नालीने विचारले.

"प्रत्येक वेळी. तुझ्या आईचा हुकूम आहे."

स्वप्नाली भिंतीला टेकून उभी राहिली. मग पडलेल्या तुकड्याकडे बोट करून तिने विचारले, "हे कसले पाइप कापताय?"

"हॉस्पिटलचे," हवालदार म्हणाले.

दांडे जोडायला मात्र वेल्डिंग लागणार होते. ते त्यांच्या हातून होण्यासारखे नव्हते. दोन दिवस त्यांनी धड जेवण केले नाही असे मी ऐकले. मग त्यांनी स्वतःच फोन करून नाक्यावरच्या वेल्डरला, इरफानला, बोलावले. इरफानने तुकडे जोडून पाहिले आणि म्हणाला, "चाचाजी, इसमें तो दरार ही नहीं है. टाँका मक्खन जैसा बैठेगा." हवालदारांनी मान वळवून बाहेर पाहिले. काम चालू असेपर्यंत ते काळी काच डोळ्यांपुढे धरून प्रत्येक टाका पाहत होते. आपला नाही म्हणून त्यांना वाईट वाटत होते, हे दिसत होते. चांगला आहे हेही दिसत होते.

दांडे बसले. बोळात, बाथरूममध्ये, शेडच्या पायऱ्यांना. स्वप्नालीने प्रत्येक दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिले. एकही हलला नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "होळीपर्यंत बघू."

होळी होऊन गेली, मित्रांनो. मिश्राजींची गाडी अजून गल्लीतच उभी असते. मिश्राजींच्या आईसाठीही आम्ही दांडे कापले, आणि मागच्या गल्लीतल्या एका शिक्षिकेसाठी. पण सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. आजार थांबलेला नाही. काही सकाळी दांड्यावरून तळवा सरकल्याचा आवाज येतो आणि मी तयार होते. काही सकाळी येत नाही. मग मी दिवसभर कान देऊन असते. कृष्णाबाई एकट्या येऊन मला तेल देतात, कीस झाडतात आणि "आज नाही" म्हणून परत जातात. माझा जीव शांत नाही. तो होईल असे वाटतही नाही.

परवा ते आले. पाइप बांधला. बटणापाशी त्यांचे बोट गेले आणि नेम चुकला. पुन्हा नेले, पुन्हा चुकले. बोट बटणाच्या आजूबाजूला टकटक करत राहिले. स्वप्नाली आलेली होती. ती झटकन पुढे झाली. कृष्णाबाईंनी तिचा दंड धरला आणि तिला मागेच ठेवले.  शेडमध्ये फक्त ती टकटक होती. मी तर एका क्षणाच्या विलंबाने तळमळणारी, पण त्या दिवशी मीही थांबले. बोट फिरत फिरत आले, बटणावर बसले आणि हवालदारांनी ते दाबले.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचा हात थरथरत असेल. त्याला जपा, पाइप पक्का बांधला आहे ना ते पाहा, पात्यापासून लांब उभे करा. पण बटण त्याचे त्याला दाबू द्या.